सीबीसीला नऊ तास चाळीस मिनिटे: बडोद्यातील एका पॅथॉलॉजी लॅबमधील टाइम झोनचे प्रकरण

प्रकरणाची पार्श्वभूमी

बडोद्याच्या जुन्या वस्तीत, रावपुरा ते दांडिया बाजार या पट्ट्यात, एका मराठी डॉक्टर कुटुंबाची पॅथॉलॉजी लॅब गेल्या पिढीपासून चालू आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची दोन संकलन केंद्रे आहेत, आणि जवळच्या एका खासगी रुग्णालयाचे रात्रीचे नमुने तिच्याकडे येतात. लॅबची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे गाळले आहेत. घडलेला प्रकार मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

अनेक वर्षे लॅबचे सर्व कामकाज एकाच विंडोज संगणकावर होत असे. रुग्णाची नोंद, नमुना मिळाल्याची वेळ, ॲनालायझरने (नमुना तपासणाऱ्या यंत्राने) निकाल दिल्याची वेळ आणि छापील अहवाल हे सर्व त्या एका संगणकाच्या घड्याळावर चाले. भिंतीवरचे घड्याळ आणि पडद्यावरचे घड्याळ जुळले की वेळेचा प्रश्न संपला, अशी सर्वांची समजूत होती आणि त्या मांडणीत ती योग्यच होती.

केंद्रे वाढल्यावर एका ठेकेदार संस्थेकडून नवी प्रणाली बसवून घेण्यात आली. तिच्यात मुख्य सर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा, नोंदी साठवणारा डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरचा आणि नोंदणीचे ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या स्वतंत्र बंदिस्त कप्प्यात, चालणारे होते. ॲनालायझरला जोडलेला विंडोज संगणक मात्र तोच राहिला, कारण यंत्राच्या कंपनीचे जोडणीचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. त्या संगणकावर ठेकेदाराने एक लहान प्रोग्रॅम बसवला, जो निकाल आणि निकालाची वेळ सर्व्हरकडे पाठवी. प्रणाली चालू झाली, पहिल्या दिवसांचे अहवाल नीट छापले गेले, आणि दिवसपाळीत कोणाच्या काही लक्षात आले नाही.

अडचण कशी उघड झाली

पहिली तक्रार रुग्णालयाकडून आली. रात्री पाठवलेल्या एका सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) अहवालावर निकालाची तारीख दुसऱ्या दिवसाची होती, पण अहवाल रुग्णाच्या हाती पहिल्या दिवशीच पडला होता. रात्रपाळीच्या तंत्रज्ञ ताईंनी अहवाल समोर ठेवून विचारले, "दादा, रक्त दहा वाजून दहाला आलं, अकराच्या आत रिपोर्ट गेलासुद्धा, मग यावर उद्याची तारीख कशी?"

त्या अहवालावर नमुना मिळाल्याची वेळ दुपारी ४.४० अशी होती आणि निकालाची वेळ रात्री २.२० अशी. प्रत्यक्षात नमुना १०.१० ला मिळाला होता आणि निकाल १०.५० ला आला होता. म्हणजे चाळीस मिनिटांची तपासणी कागदावर नऊ तास चाळीस मिनिटांची झाली होती. एक वेळ साडेपाच तास मागे सरकली होती, तर दुसरी साडेतीन तास पुढे.

साडेपाच तासांचा फरक दिसला असता तर कोणत्याही जाणत्याला ग्रीनिचची आठवण झाली असती. पण एकाच कागदावर दोन निराळे फरक, तेही विरुद्ध दिशांना, असल्यामुळे लॅबमध्ये सर्वांनी घड्याळ बिघडले असाच निष्कर्ष काढला. एका संध्याकाळी कोणीतरी ॲनालायझरच्या संगणकाचे घड्याळ साडेतीन तास मागे घेतले. निकालाच्या वेळा लगेच बरोबर छापल्या जाऊ लागल्या, आणि विंडोजच्या इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने घड्याळ पुन्हा मूळ वेळेवर आणताच त्या परत चुकल्या. पुढे हा प्रकार आणखी झाला. त्यामुळे जुन्या नोंदींपैकी कोणत्या बरोबर आणि कोणत्या चूक, हेही नुसते पाहून सांगता येईना. या टप्प्यावर आम्हाला बोलावण्यात आले.

निदान

तपासात आढळले की एकही घड्याळ चुकलेले नव्हते. सर्व्हरचे घड्याळ सेकंदापर्यंत अचूक होते, विंडोज संगणकाचेही. चूक होती ती वेळेचा अर्थ लावणाऱ्या दोन जागी, आणि दोन्ही जागी कारण एकच तीन अक्षरे होती: आयएसटी, भारतीय प्रमाणवेळेचा इंग्रजी संक्षेप.

पहिली जागा कंटेनर. ठेकेदाराने त्याच्या टीझेड या पर्यावरण-चलात (प्रोग्रॅमला टाइम झोन सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) 'आयएसटी' एवढेच लिहिले होते. टाइम झोनच्या ज्या तक्त्यावर लिनक्स चालते त्यात या नावाचा झोनच नाही. नाव सापडले नाही आणि पुढे तासांचा आकडाही दिलेला नाही, अशा वेळी लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी (प्रोग्रॅमना वेळ पुरवणारा सामायिक कोड) चूक दाखवून थांबत नाही. ती यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची जागतिक प्रमाणवेळ, धरते आणि दिलेली अक्षरे तशीच लेबल म्हणून छापते. म्हणून कंटेनरमध्ये वेळ विचारली की ग्रीनिचची वेळ आणि तिच्यापुढे 'आयएसटी' असे उत्तर मिळत होते. बसवणाऱ्याने तपासताना लेबल पाहिले असावे, आकडा पाहिला नसावा. ॲप्लिकेशन हा आकडा झोनविना डेटाबेसकडे पाठवी. डेटाबेसचा स्वतःचा झोन भारतीय वेळेवर नीट लावलेला असल्यामुळे तो ती भारतीय वेळच समजे. नमुन्याची वेळ अशी साडेपाच तास मागे गेली.

दुसरी जागा विंडोजवरचा लहान प्रोग्रॅम. तो बरोबर वेळ घेऊन तिच्यापुढे 'आयएसटी' जोडी. ही तीन अक्षरे भारताची तशीच इस्रायलची आणि उन्हाळ्यात आयर्लंडचीही आहेत. लॅबमध्ये बसवलेला पोस्टग्रेस मूळ मांडणीत त्यांचा अर्थ इस्रायलची प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसीच्या दोन तास पुढे, असा घेत होता. भारतीय अर्थ हवा असेल तर संक्षेपांची भारतासाठीची वेगळी यादी निवडावी लागते. रात्रीचे १०.५० इस्रायलमधले समजले गेले आणि भारतीय वेळेत ते २.२० झाले.

ही वळणे आली कुठून

हे प्रकरण एका ठेकेदाराच्या निष्काळजीपणावर मिटवणे सोपे होते, पण लॅबच्या धाकट्या डॉक्टरांचा आग्रह होता की असे का होऊ शकते ते समजल्याशिवाय दुरुस्तीवर सही करायची नाही. तो आग्रह रास्त होता, आणि त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये टाइम झोन कसे आले हे मांडावे लागले. पुढचा बहुतेक निर्णय त्या माहितीवरच झाला.

लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७१ च्या पहिल्या नियमपुस्तिकेत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७१ पासून मोजलेले सेकंदाचे साठावे भाग होते. बत्तीस बिटांत असे मोजमाप जेमतेम सव्वादोन वर्षे पुरते, म्हणून लवकरच एकक सेकंद झाले आणि आरंभबिंदू १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र, असा स्थिरावला. येथे एक दूरगामी निवड झाली होती: यंत्राने आत एकच अखंड मोजणी ठेवायची आणि माणसाला दाखवताना तिचे स्थानिक वेळेत रूपांतर करायचे. मोजणीला गाव नसते, उन्हाळा-हिवाळा नसतो. सगळा गुंता रूपांतरात येतो.

ते रूपांतर सुरुवातीला प्रोग्रॅमच्या आतच कोरलेले होते. युनिक्स जिथे घडली ती बेल लॅब्स न्यू जर्सीत, त्यामुळे पूर्व अमेरिकेचे पाच तास आणि अमेरिकी उन्हाळी वेळेचा (उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे नेण्याचा) नियम. तेलसंकटामुळे १९७४ मध्ये अमेरिकेने ६ जानेवारीलाच उन्हाळी वेळ लागू केली, १९७५ मध्ये फेब्रुवारीअखेर. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत या दोन वर्षांसाठी वेगळ्या ओळींचा छोटा तक्ता आढळतो. त्याच आवृत्तीत कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एक आकडा ठेवला जाई: हे यंत्र ग्रीनिचच्या किती मिनिटे पश्चिमेला आहे. पश्चिम धन, पूर्व ऋण. तिच्या नियमपुस्तिकेत ग्रीनिचच्या साडेचार तास पुढच्या अफगाणिस्तानचे उदाहरण आहे, म्हणजे अर्ध्या तासाचे झोन त्या मंडळींना माहीत होते. पण मोजपट्टी त्यांच्या अंगणातून पश्चिमेकडे धरलेली होती. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या शाखेनेही कर्नलमधला हाच 'पश्चिमेकडील मिनिटे' पुढे चालवला.

एका यंत्राला एकच झोन ही कल्पना दूरच्या टर्मिनलवरून काम करणाऱ्यांना अडचणीची होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी एटी अँड टीच्या सिस्टिम थ्री या युनिक्स आवृत्तीने झोन कर्नलमधून काढून प्रत्येक प्रोग्रॅमच्या पर्यावरणात, टीझेड या चलात, आणला. त्यात 'ईएसटी५ईडीटी' (पूर्व अमेरिकेची प्रमाणवेळ, पाच तास, तिथली उन्हाळी वेळ) असे लिहीत, आणि तो पाचचा आकडा पश्चिमेचाच होता. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉसिक्स या मानकाने हे लेखन कायम केले. भारतासाठी त्या पद्धतीने 'आयएसटी उणे ५:३०' असे लिहावे लागते, जे प्रत्येक भारतीय वाचकाला उलटे वाटते.

तक्ता वेगळा असावा हे शहाणपण १९८६ मध्ये पक्के झाले. अमेरिकी काँग्रेसने उन्हाळी वेळेचा आरंभ १९८७ पासून एप्रिलच्या शेवटच्या रविवारऐवजी पहिल्या रविवारी आणला, आणि नियम ज्यांच्या पोटात कोरलेला होता असे सर्व प्रोग्रॅम एका कायद्याने चुकीचे ठरले. मूळ कोड हाताशी नसलेल्यांना ते दुरुस्तही करता येईनात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी त्या सुमारास जी रचना उभी केली तीत नियम मजकुराच्या फायलीत राहतात, त्यांचे तक्ते वेगळे तयार होतात आणि प्रोग्रॅम ते वाचतो. कायदा बदलला तर फक्त तक्ता बदलायचा. झोनला संक्षेपाऐवजी 'खंड/शहर' असे नाव देण्याची पद्धत पॉल एगर्ट यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये आली. हा तक्ता २०११ पासून आयएएनए या इंटरनेटची नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. आपला झोन त्यात आधी 'आशिया/कलकत्ता' होता, २००८ मध्ये 'आशिया/कोलकाता' झाला, आणि जुने नाव अजून चालते.

दुसरीकडे पीसीची परंपरा स्वतंत्र वाढली. डॉस या पीसीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला टाइम झोन ठाऊकच नव्हता. फायलीवरची वेळ स्थानिक, दोन सेकंदांच्या अचूकतेची, १९८० पासूनची. १९८४ च्या पीसी-एटी या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ आले, त्यातही झोन नोंदवायला जागा नव्हती. विंडोज एनटीने आत यूटीसी स्वीकारली, पण जुन्याशी मेळ राहावा म्हणून ते बॅटरीचे घड्याळ आजही विंडोज स्थानिक वेळेवर ठेवते. लॅबमध्ये या दोन परंपरा एका केबलने जोडल्या गेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये निरोप्या म्हणून तीन संदिग्ध अक्षरे होती.

पर्यायांचा विचार

ठेकेदाराने सुचवलेला पहिला पर्याय सर्वांत स्वस्त होता: अहवाल छापताना नमुन्याच्या वेळेत साडेपाच तास मिळवायचे आणि निकालाच्या वेळेतून साडेतीन वजा करायचे. भारतात उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे आकडा कधी बदलणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो पटण्यासारखा होता आणि मोठ्या डॉक्टरांचा कौलही तिकडे होता.

दुसरा पर्याय सर्व्हरचे घड्याळच भारतीय वेळेवर लावून त्याला यूटीसी म्हणवण्याचा. जुन्या विंडोज दिवसांची सवय पाहता तो कर्मचाऱ्यांना सोपा वाटला. परंतु एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने) वेळ जुळवताना केवळ यूटीसीच येते, त्यामुळे जुळवणी बंद ठेवावी लागली असती. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी घड्याळे जुळवण्यास सांगितले आहे. हा पर्याय तिथेच बाजूला पडला.

तिसरा पर्याय मुळाशी जाणारा: साठवण यूटीसीत, झोन सर्वत्र 'आशिया/कोलकाता' या पूर्ण नावाने, दोन यंत्रांमधल्या देवाणघेवाणीत संक्षेपाऐवजी '+०५:३०' असा आकडा, आणि जुन्या नोंदींची उगमानुसार दुरुस्ती. यात खर्च आणि दोन रात्रींचे काम जास्त होते.

निर्णय फिरला तो एका जन्मतारखेमुळे. पहिला पर्याय प्रायोगिक प्रतीवर चालवताना असे दिसले की ठेकेदाराने जन्मतारीख ही तारीख म्हणून न ठेवता त्या दिवशीच्या मध्यरात्रीचा क्षण म्हणून ठेवली होती. अहवालावर फक्त वय छापले जात असल्यामुळे हे कोणाला दिसले नव्हते. पण रुग्णकार्डाचा भाग तो क्षण कंटेनरमध्ये रूपांतरित करी, आणि तिथे प्रत्येकाचा जन्म एक दिवस आधीचा दिसे. साडेपाच तास मिळवल्यावर जवळजवळ सर्व तारखा जागेवर आल्या. १९४४ मध्ये जन्मलेल्या एका आजोबांची मात्र आली नाही. त्यांचा जन्म आदल्या दिवशी रात्री ११ वाजता दाखवला जात होता.

कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत, भारताची घड्याळे एक तास पुढे, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होती. पोस्टग्रेसने साठवताना तक्ता पाहून ते साडेसहा तास अचूक धरले होते, आणि परत काढताना साडेपाचच मिळवले जात होते. आकडा कधीच बदलत नाही हे गृहीतक लॅबच्या स्वतःच्याच रुग्णाने खोटे ठरवले. वेळक्षेत्र म्हणजे एक संख्या नसून बदलांचा इतिहास आहे, म्हणून त्याला संख्येने नव्हे तर तक्त्यातल्या नावानेच संबोधले पाहिजे, हे यानंतर कोणाला वेगळे पटवावे लागले नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "मग तिसराच करा, पुन्हा उकरायला नको." प्रस्तुत लेखकाच्या मते त्या आजोबांची नोंद यादीत नसती तर पहिला पर्याय मंजूर झाला असता आणि चूक काही वर्षे दडून राहिली असती.

प्रत्यक्ष कार्यवाही

कंटेनरच्या झोनपासून सुरुवात झाली, आणि तिथे एक लहान अडथळा आला. ठेकेदाराच्या तंत्रज्ञाने 'आयएसटी अधिक ५:३०' असे लिहिले. दुपारचे ३ वाजले असताना उत्तर पहाटेचे ४ आले. पश्चिम धन धरणाऱ्या जुन्या लेखनामुळे बडोदे ग्रीनिचच्या साडेपाच तास मागे जाऊन बसले होते, म्हणजे अकरा तासांची चूक. त्यानंतर 'आशिया/कोलकाता' लिहून, झोनचे तक्ते कंटेनरमध्ये खरोखर बसवलेले आहेत याची खात्री करून घेतली. ही खात्री आवश्यक असते: तक्त्यांची फाइल नसेल तर बरोबर नावसुद्धा निमूटपणे यूटीसीवर घसरते.

विंडोजवरचा प्रोग्रॅम बदलून वेळेपुढे '+०५:३०' पाठवला जाऊ लागला. जन्मतारखेचा रकाना निव्वळ तारखेचा केला. जन्मदिवस हा रुग्णाच्या कागदावर असतो तो दिवस. त्याला क्षण बनवून झोनमधून फिरवण्याचे काहीच कारण नव्हते. हे रूपांतर मात्र साडेपाच मिळवून नव्हे, तर डेटाबेसलाच 'कोलकात्यात तेव्हा कोणती तारीख होती' असे विचारून केले, म्हणजे १९४४ ची नोंदही आपोआप जागेवर आली.

जुन्या नोंदींचे काम सर्वांत नाजूक होते. नमुन्याच्या वेळांत साडेपाच तास सरसकट मिळवता आले, कारण कंटेनरचे वागणे पहिल्यापासून एकसारखे होते. निकालाच्या वेळांत तसे करता येईना. घड्याळ मागे घेतलेल्या अवधीतले निकाल बरोबर होते. येथे विंडोजची स्वतःची नोंदवही कामी आली, कारण घड्याळ केव्हा, कितीवरून कितीवर नेले हे ती टिपून ठेवते. त्यावरून अवधी आखले आणि प्रत्येक अवधीच्या कडेचे निकाल ॲनालायझरच्या अंतर्गत स्मृतीतील क्रम व वेळेशी ताडून पाहिले. मूळ वेळ पुसली नाही. दुरुस्त वेळ वेगळ्या रकान्यात आणि दुरुस्तीचे कारण तिसऱ्या रकान्यात लिहिले.

फलित

नव्या नोंदींत फरक उरला नाही. ज्या अहवालांवर तारीखच बदलली होती, किंवा उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या साखरेच्या वेळा उलटसुलट दिसत होत्या, ते 'सुधारित' असा स्पष्ट उल्लेख करून पुन्हा दिले गेले. रुग्णालयाने ते स्वीकारले. निकालांचे आकडे कुठेही चुकलेले नव्हते, हे त्यांना यंत्राच्या स्मृतीवरून दाखवता आले, आणि तेच त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते.

वेगळे काय करता आले असते

पहिली विसंगती दिसताच घड्याळाला हात लावण्याऐवजी दोन्ही फरक कागदावर मांडले असते, तर साडेपाच आणि साडेतीन हे आकडे स्वतःच बोलले असते. साडेपाचातून साडेतीन वजा केले की दोन उरतात, आणि जगातल्या झोनच्या यादीत दोन तासांचा झोन शोधला की इस्रायल सापडतेच. घड्याळ हलवल्यामुळे जुन्या नोंदींचे काम कितीतरी पटींनी वाढले. तरीही ताईंना किंवा कोणा कर्मचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण घड्याळाला हात लावू नये अशी सूचना कोणी दिलेलीच नव्हती.

रुग्णालयाला आम्ही निदान पूर्ण झाल्यावर कळवले. धाकट्या डॉक्टरांचे मत होते की पहिल्याच दिवशी 'वेळा तपासत आहोत, निकाल बरोबर आहेत' असा निरोप द्यायला हवा होता. मोठ्या डॉक्टरांना अर्धवट माहिती देणे धोक्याचे वाटत होते. रात्रीच्या रुग्णांवर उपचाराचे निर्णय त्या वेळांवर होऊ शकत होते हे लक्षात घेता धाकट्या डॉक्टरांचे म्हणणे अधिक योग्य होते असे वाटते.

प्रणाली ताब्यात घेतानाची चाचणी केवळ दिवसपाळीत झाली होती. मध्यरात्र ओलांडणारा एक नमुना आणि १९४४ चा एक जन्म, एवढ्या दोन नोंदींनी तिन्ही दोष पहिल्या दिवशी बाहेर आले असते. लॅबने आता ठेकेदाराशी केलेल्या नव्या करारात या दोन नोंदी चाचणीच्या यादीत घातल्या आहेत, आणि वेळेसोबत कोणताही संक्षेप पाठवू नये असे कलमही. ॲनालायझरच्या आतल्या घड्याळाला मात्र अजून झोन समजत नाही. ते सकाळच्या पाळीत सर्व्हरशी ताडून फरक वहीत लिहिला जातो, आणि तो लावण्याचा अधिकार फक्त धाकट्या डॉक्टरांकडे ठेवला आहे.